स्वमग्न मुले आणि निसर्गातील उपक्रम : ओझर–निफाड परिसराच्या संदर्भात एक आढावा

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा आजार नसून मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात वेगळेपणा आहे. तो संवादात, माणसामाणसांतील देवाणघेवाणीत, ठरावीकपणाच्या ओढीत आणि आवाज, स्पर्श, प्रकाश, वास अशा संवेदनांच्या अनुभवात दिसून येतो. मॉस्कोतील ग्रुन्या सुखारेवा यांनी 1925 मध्ये, अमेरिकेतील लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये आणि व्हिएन्नातील हान्स आस्पेर्गर यांनी 1944 मध्ये अशा मुलांची वर्णने केली. परंतु संवेदनांच्या तीव्र किंवा मंद जाणिवेला निदानाच्या अमेरिकी निकषांत स्पष्ट स्थान मिळाले ते थेट 2013 मध्ये. निसर्गातील उपक्रमांचा विचार करताना हा शेवटचा तपशील सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो, कारण रान, मळा किंवा तलाव येथे मुलाची गाठ सर्वप्रथम पडते ती संवेदनांशीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या ढोबळ अंदाजानुसार जगात सुमारे शंभर मुलांमागे एक मूल स्वमग्न असते. त्या हिशेबाने ओझरसारख्या मोठ्या गावातील प्रत्येक शाळेत असे एखादे तरी मूल असणार, मग त्याचे निदान झालेले असो वा ‘हट्टी’, ‘एकलकोंडे’ असा शिक्का मारून ते मागच्या बाकावर बसवलेले असो.

या मुलांना निसर्गाजवळ न्यावे असे सांगणारे लेखन अलीकडे बरेच होते आणि त्यातील मोठा भाग निसर्गाला औषध मानतो. या भूमिकेचे मूळ शोधू गेल्यास रेचल व स्टीफन कॅप्लान यांच्या 1989 च्या मांडणीपर्यंत जाता येते. एकाग्रतेने शिणलेले मन झाडापानांच्या, पाण्याच्या सहज लक्ष वेधणाऱ्या सान्निध्यात पुन्हा ताजे होते, असे त्या मांडणीचे सार आहे. स्वमग्न मुलांविषयीचा पुरावा मात्र बेताचाच आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात 24 अभ्यास आणि सातशेहून थोडी अधिक मुले यांचा विचार झाला. त्यात वर्तन, संवेदना आणि सामाजिक सहभाग यांत अल्पकालीन सुधारणा आढळली; परंतु त्यातील बरेच अभ्यास प्राण्यांच्या, विशेषतः घोड्यांच्या सहवासाचे होते आणि अनेकांची रचना कच्ची होती. घोडेस्वारीच्या बाबतीत तुलनेने भक्कम असा एक अभ्यास रॉबिन गेब्रिएल्स व सहकाऱ्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात 6 ते 16 वयोगटातील मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून दहा आठवडे निरीक्षण करण्यात आले आणि स्वारी करणाऱ्या गटात चिडचिड व अतिचंचलता कमी झालेली दिसली. एवढ्या सामग्रीवरून ‘झाडे लावा, ऑटिझम घालवा’ अशी आश्वासने देणे हा पालकांच्या आशेशी केलेला खेळ आहे, हे स्पष्ट शब्दांत नोंदवणे आवश्यक वाटते. चिखलात खेळण्याचा, पक्षी पाहण्याचा, द्राक्षाच्या मांडवाखाली बसण्याचा हक्क इतर मुलांना काही सुधारणा दाखवून मिळवावा लागत नाही. मग तो स्वमग्न मुलांनाच प्रगतिपुस्तकाच्या बदल्यात का द्यावा, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याची भूमिका या बाबतीत समाजाच्या पुढे आहे. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता, 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये मान्य झालेल्या 21 प्रकारांत तिला स्वतंत्र स्थान मिळाले. याच अधिनियमाच्या कलम 16 नुसार शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावयाचा असून क्रीडा व मनोरंजनाच्या संधीही इतरांच्या बरोबरीने द्यावयाच्या आहेत. शिवाय ‘वाजवी सोयी’, म्हणजे अवाजवी भार न पडता त्या व्यक्तीपुरते करता येण्याजोगे आवश्यक बदल, ही कल्पना कायद्याने मान्य केली आहे. शाळेची सहल, क्षेत्रभेट, राष्ट्रीय हरित सेनेचा उपक्रम किंवा वनभोजन हे सारे या कक्षेत येते. प्रत्यक्षात अनेकदा ‘जबाबदारी कोण घेणार’ या एका वाक्यावर मूल घरी राहते, किंवा आईने स्वतः सोबत यावे या अटीवर त्याला नेले जाते आणि तिचा दिवसाचा रोज बुडतो.

ओझरचा विचार या चौकटीत करण्याजोगा आहे, कारण येथे निसर्ग दूर नाही आणि तो एकाच प्रकारचाही नाही. बाणगंगेच्या काठचे हे गाव निफाड तालुक्यात, द्राक्षपट्ट्याच्या मध्यावर वसलेले आहे. 1964 पासून येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आणि त्याची झाडांनी भरलेली वसाहत आहे. वाघाड प्रकल्पाच्या पाण्याचे नियोजन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांनी स्वतःच्या हाती घेण्याच्या प्रयोगामुळे गावाचे नाव राज्यभर पोहोचले. आणि याच तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेले नांदूर मधमेश्वर हे पाणथळ क्षेत्र आहे. 1986 मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारान्वये जपावयाची पाणथळ जागा म्हणून, त्याची घोषणा झाली. परिसरातील शाळांच्या हिवाळी सहलींसाठी ते हाताशी असलेले ठिकाण आहे.

या सहलींची रूढ पद्धत बारकाईने पाहिली, तर स्वमग्न मुलाला बाहेर ठेवणारी गोष्ट निसर्ग नसून कार्यक्रमाची शिस्त असते, हे ध्यानात येते. पहाटे सहाला बस, आयत्या वेळी बदललेला क्रम, उतरताच रांगेत उभे करून ध्वनिवर्धकावरून सूचना, एका मनोऱ्यावर चाळीस मुले, मग गटाचा फोटो आणि सर्वांनी मिळून जेवण, यांपैकी एकाही गोष्टीची पक्ष्यांना गरज नसते. चापडगावच्या बाजूच्या निरीक्षण मनोऱ्यावर दुर्बिणीपाशी घडणारा प्रसंग यासाठी बोलका आहे. मुलाने आपली पाळी येईपर्यंत थांबायचे, मागच्यांचे धक्के सोसायचे, मग एक डोळा मिटून दुसरा डोळा परक्या माणसाच्या घामाने ओलसर झालेल्या रबरी कडेला टेकवायचा आणि थरथरणाऱ्या गोलात दिसणारा पक्षी वारकरी की जांभळी पाणकोंबडी हे काही क्षणांत ओळखायचे. स्पर्शाची तीव्र जाणीव असलेल्या आणि एक डोळा मिटण्याची हालचाल न जमणाऱ्या मुलाला हे सारे अशक्य होते, आणि ते मागे सरले की त्याला पक्ष्यांत रस नाही असा निष्कर्ष काढला जातो. दुर्बिणीला मोबाइल लावून तेच दृश्य पडद्यावर दाखवणे, किंवा रांगेबाहेर शेवटी पाच मिनिटे निवांत देणे, याला खर्च शून्य येतो. मनोऱ्याचा जिना अरुंद आणि येण्याजाण्यास एकच असेल, तर अशा मुलाला गर्दीच्या आधी वर नेऊन आणणे किंवा काठावरची मोकळी जागा निवडणे शहाणपणाचे ठरते, कारण ज्या जागेतून हवे तेव्हा बाहेर पडता येते तेथेच ते मूल जास्त वेळ थांबू शकते.

संवेदनांचा ताण असह्य झाला की रडणे, किंचाळणे, जमिनीवर लोळणे किंवा पळून जाणे असा जो उद्रेक होतो, त्याला मेल्टडाउन म्हणतात. तो हट्ट नसल्याने दटावण्याने थांबत नाही. आवाज व माणसे कमी करणे, बोलणे थांबवणे आणि वेळ देणे एवढेच उपयोगी पडते. याउलट हात फडफडवणे, डोलणे, एकच आवाज काढत राहणे हे बहुधा मूल स्वतःला सावरण्यासाठी किंवा आनंदाने करते. पक्षिनिरीक्षणात शांततेचा आग्रह रास्त असला, तरी मनोऱ्यावरून दिसणारे थवे बऱ्याच अंतरावर असतात आणि एखाद्या मुलाच्या गुणगुणण्यापेक्षा सुट्टीच्या दिवशीच्या गर्दीचा त्यांना अधिक त्रास होतो. त्यामुळे कामकाजाचा दिवस निवडला तर पक्षी व मूल या दोघांचीही सोय होते.

आवाजाच्या बाबतीत ओझरची एक खास अडचण आहे. येथील धावपट्टीवरून प्रवासी विमानांबरोबर लढाऊ विमानेही उडतात, आणि सुखोईसारख्या विमानाचा कडाका ध्वनीची तीव्र जाणीव असलेल्या मुलाला नुसता मोठा वाटत नाही, तर तो अचानक येतो म्हणून भयप्रद ठरतो. उड्डाणे थांबवता येत नाहीत. परंतु कानांवर बसणारे इअरमफ मुलाच्या पिशवीत हाताशी ठेवणे, ते घालण्याची सवय आधी घरी करणे, आणि धावपट्टीच्या रेषेपासून दूरची जागा निवडणे एवढे करता येते. याची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. काही मुलांना हेच विमान प्राणप्रिय असते, आणि ज्या मुलाला बगळ्यांकडे पाहावेसे वाटत नाही तेच मूल विमानाच्या पंखांशी तुलना करू दिली की घारीचे पंख न्याहाळू लागते.

थंडीचेही तसेच आहे. निफाड तालुक्यात, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर, राज्यातील नीचांकी तापमानाची नोंद हिवाळ्यात वारंवार होते आणि पक्षी पाहण्याचा हंगामही नेमका हाच असतो. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना शरीराच्या आतून येणाऱ्या भूक, तहान, थंडी, लघवी यांच्या खुणा उशिरा कळतात किंवा सांगता येत नाहीत. लोकरीचा स्वेटर टोचतो म्हणून फेकून देणारे मूल थंडीने काकडत असूनही काही बोलत नाही, म्हणून मऊ सुती कपड्यांचे थर आणि ठरलेल्या वेळी पाणी व शौचालय हे नियोजनाचे भाग मानावे लागतात. पहाटेचा अट्टहासही सोडून द्यावा, कारण या मुलांत झोपेच्या तक्रारी नेहमीच्या आहेत आणि दुपारी चारनंतरही पाणथळीवर पाहण्यासारखे पुष्कळ असते.

आधी कळणे ही या मुलांच्या सहभागाची किल्ली आहे. उत्तर कॅरोलायनातील एरिक शॉप्लर यांनी 1970 च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत दिवसाचा क्रम चित्रांनी मांडतात. कॅरोल ग्रे यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आणलेल्या ‘सोशल स्टोरी’मध्ये येऊ घातलेला प्रसंग मुलाच्या बाजूने साध्या वाक्यांत सांगतात. शिक्षकाने आदल्या आठवड्यात जाऊन बस, फाटक, शौचालय, मनोरा, डबा खाण्याची जागा आणि परतीची बस यांचे फोटो काढले आणि ते क्रमाने एका दोरीला अडकवले, तर तेवढ्याने दोन्ही गोष्टी साधतात. फोटो त्याच जागेचे हवेत, कारण पुस्तकातील बागेचे चित्र पाहून मूल तीच बाग शोधत राहते. परतीचा फोटो सर्वांत महत्त्वाचा, कारण संपणार कधी हे माहीत असले की सुरुवात सोसता येते. न बोलणाऱ्या किंवा कमी बोलणाऱ्या मुलांसाठी ‘थांब’, ‘पुरे’, ‘पाणी’, ‘अजून’ एवढी चार चित्रे गळ्यातील पट्टीवर असावीत. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेल्या ‘जेलो’सारख्या चित्रांवर बोट ठेवून बोलण्याच्या साधनांचाही उपयोग होतो. वनभोजनात एकमेकांचे डबे वाटून खाण्याची गोड रीत आहे, पण जे मूल ठरावीक चार पदार्थच खाते त्याला ‘एक घास तरी’ म्हणून आग्रह करू नये.

सुरक्षिततेचा मुद्दा यापेक्षा गंभीर आहे आणि द्राक्षपट्ट्यात तो पाण्याशी जोडलेला आहे. अमेरिकेतील 2012 च्या एका पाहणीत स्वमग्न मुलांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर एकदा तरी मोठ्यांच्या नजरेआड निसटण्याचा प्रयत्न केल्याचे पालकांनी सांगितले. गुओहुआ ली व जोसेफ गुआन यांच्या 2017 च्या अभ्यासात स्वमग्न मुलांचा बुडून मृत्यू होण्याचा धोका इतर मुलांच्या तुलनेत 160 पट आढळला. पाण्याची चकाकी, हालचाल आणि स्पर्श यांची ओढ अनेक मुलांना असते. निफाड तालुक्यात ठिकठिकाणी द्राक्षबागांच्या कडेला प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी आहेत. त्यांच्या उतरत्या कडा शेवाळाने निसरड्या होतात आणि आत पडलेल्या मोठ्या माणसालाही पाय रोवता येत नाही. कालव्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांना आवर्तनाने पाणी सुटते, त्यामुळे मागच्या रविवारी ज्या कोरड्या तळातून मूल चालत गेले तो कालवा या रविवारी तुडुंब असतो, आणि नेहमीची वाट तशीच धरण्याची सवय असलेले मूल त्याच वाटेने उतरू पाहते. म्हणून उपक्रमाआधी पाणीवापर संस्थेकडून आवर्तनाच्या तारखा घेणे, कुंपण व कुलूपबंद फाटक असलेली शेततळीच निवडणे, तळ्याच्या आतल्या बाजूस गाठी मारलेला दोर व हवा भरलेली ट्यूब कायम असल्याची खात्री करणे, आणि एका मुलामागे नावानिशी ठरलेला एक मोठा माणूस ठेवणे आवश्यक आहे. ‘सगळे लक्ष ठेवतील’ या व्यवस्थेत कोणाचेच लक्ष नसते. मूल नजरेआड झाले तर शोध प्रथम पाण्याच्या दिशेने घ्यावा आणि 112 वर लगेच कळवावे. मुलाच्या अंगावर पालकांचा क्रमांक असलेली पट्टी असावी. मुलाला पोहायला शिकवणे हाही या नियोजनाचाच भाग आहे.

द्राक्षबाग ही या परिसराची स्वतःची देणगी आहे आणि पाणथळीच्या तुलनेत ती स्वमग्न मुलांना अनेक अंगांनी सोयीची आहे. ओळी सरळ, अंतर सारखे, मांडवाखाली एकसंध सावली आणि शिरण्याचा व निघण्याचा मार्ग डोळ्यांसमोर असल्याने ‘तिसऱ्या ओळीच्या टोकापर्यंत जाऊन परत’ असे काम मुलाला नेमके कळते. मण्यांवरची पांढुरकी झिलई बोटाने पुसून पाहणे, छाटणीच्या कांड्या लांबीनुसार लावणे, खुडलेले घड क्रेटमध्ये ठेवणे, या साऱ्या गोष्टी हातांना गुंतवतात आणि बोलण्याची सक्ती करत नाहीत. परंतु ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून फळ काढणीपर्यंत बागेत फवारण्या वारंवार होतात. काही मुले पाने, माती, काड्या तोंडात घालतात, अखाद्य वस्तू खाण्याच्या या सवयीला पायका म्हणतात. म्हणून बागायतदाराकडून शेवटच्या फवारणीची तारीख आणि औषधाचे ठरलेले प्रतीक्षा दिवस विचारून घेतल्याशिवाय मुलांना आत सोडू नये, त्या दिवशी ट्रॅक्टरचा ब्लोअर शेजारच्या बागेतही चालू नसावा, आणि मांडवाच्या तारा व अँगल पळणाऱ्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येत नाहीत ना, हे मुलाच्या उंचीवर वाकून पाहावे.

परदेशांत या दिशेने कायमस्वरूपी बांधणीही झाली आहे. न्यू यॉर्क राज्यातील लेचवर्थ उद्यानात ऑक्टोबर 2021 मध्ये स्वमग्न व्यक्तींसाठी सुमारे एक मैलाची वर्तुळाकार निसर्गवाट खुली झाली. तिच्यावर स्पर्श, झोके, धावणे, एकांत यांसाठी टप्पे आहेत आणि तिच्या आखणीत स्वतः स्वमग्न असलेल्या पशुवैज्ञानिक टेंपल ग्रँडिन यांचा सल्ला घेण्यात आला. असे बांधकाम ओझरला हवेच असे नाही. वर्षातून एकदा दूरची सहल काढण्याऐवजी दर रविवारी त्याच वेळी, त्याच वाटेने, वसाहतीतील त्याच पाचसहा झाडांपाशी नेण्याची पद्धत या मुलांना अधिक मानवते, आणि तीच पद्धत निसर्गाच्या अभ्यासालाही अधिक खोल नेते, कारण पानगळ, पालवी, मोहोर आणि घरटे हे बदल एकाच झाडावर पाहणाऱ्यालाच दिसतात.

मुलांच्या एकाग्र आवडीकडे पाहण्याची दृष्टीही अलीकडे बदलली आहे. डिना मरे व सहकाऱ्यांनी 2005 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार स्वमग्न मन एका वेळी थोड्याच विषयांवर, पण पूर्ण ताकदीने, लक्ष देते. उत्तर आयर्लंडमधील दारा मॅकॲनल्टी या स्वमग्न मुलाची निसर्गविषयक रोजनिशी 2020 मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी तिला ब्रिटनमधील निसर्गलेखनाचा वेनराइट पुरस्कार मिळाला. ज्या मुलाला मारुती चितमपल्लींच्या ‘पक्षीकोशा’ची पाने पुन्हापुन्हा उलटावीशी वाटतात, त्याला फेब्रुवारीतील पक्षिगणनेत नोंदवहीचे काम द्यावे, मोजणे, क्रम लावणे, तीच जागा पुन्हा तपासणे ही पक्षिशास्त्राची कामेच आहेत. सर्वच स्वमग्न मुलांत अशी असाधारण क्षमता असते असे मात्र मानू नये. अनेकांना बौद्धिक दिव्यांगत्वही असते, आणि केवळ वाळूतून हात फिरवत बसण्याचा त्यांचा आनंद तितकाच ग्राह्य आहे.

इतर मुलांच्या तयारीचा प्रश्न नेहमी मागे पडतो. ब्रिटनमधील स्वमग्न समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये दाखवून दिले की समजून घेण्यातील अडचण दोन्ही बाजूंची असते. स्वमग्न मूल इतरांना ओळखण्यात जेवढे कमी पडते, तेवढेच इतरही त्याला ओळखण्यात कमी पडतात. चीनमधील पालकांच्या मुलाखतींवर आधारलेल्या 2019 च्या एका अभ्यासात सुरक्षिततेच्या काळजीबरोबरच लोकांच्या नजरांचा संकोच हाही बाहेर पडण्यातील अडथळा म्हणून पुढे आला, आणि मराठी घरांतील आयांना ‘लाडावून ठेवलंय’ हे शेजारणीचे वाक्य नवे नाही. सहलीआधी वर्गाला पाच मिनिटांत एवढे सांगितले तरी पुरते की याला अचानक स्पर्श करू नका, उत्तर यायला वेळ लागेल, आणि तो दूर बसला तरी तो आपल्यातच आहे.

या साऱ्यासाठी लागणारी माणसे तालुक्यात अगदीच नाहीत असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची 2013 पासूनची तपासणी पथके, गट साधन केंद्रांतील समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ, आणि नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी उभ्या केलेल्या प्रबोधिनीसारख्या संस्थांचा बौद्धिक दिव्यांग मुलांबरोबरचा दीर्घ अनुभव या गोष्टी जिल्ह्यात आहेत. वन विभागाचे स्थानिक मार्गदर्शक, बागायतदार आणि शाळा यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली जात नाही, ही उणीव आहे. अभयारण्यातील मार्गदर्शकांना एका दिवसाचे प्रशिक्षण देणे आणि फाटकापाशी फोटोंचा क्रम लावणे हे पुढच्या हिवाळ्याआधी होण्याजोगे आहे.

अठरा वर्षांनंतरचा काळ मात्र जवळजवळ मोकळाच पडलेला आहे. शाळा सुटली की सहल, हरित सेना, विशेष शिक्षक हे सर्व एकदम संपते आणि वीस वर्षांचा स्वमग्न तरुण घराच्या पडवीत बसून राहतो, जरी त्याच्या भोवतालच्या बागांत वर्षभर मजूर कमी पडत असले तरी. रोपवाटिकेत पिशव्या भरणे, गांडूळखताचे वाफे ओले ठेवणे, बेदाण्याची प्रतवारी करणे यांसारखी ठरावीक क्रमाची कामे अनेकांना जमण्यासारखी आहेत. त्यासाठी कामाचे तास, मोबदला, फवारणीपासून संरक्षण आणि सोबत शिकवणारा माणूस यांची घडी बागायतदार व पालक यांनी एकत्र बसून घालावी लागेल, आणि हे काम मुले शाळेत असतानाच, बारा–तेरा वर्षांच्या वयापासून, त्या बागांत नियमित जाण्यायेण्याने सुरू करावे लागेल.